एसीचा षड्ज

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अल नहदातल्या तुस्कानोंच्या हॉलमधला खिडकीचा एसी असा घुमायचा, की त्याच्या पाठीवर बसलेली कबुतरंही सुरात घुटर्र करायची. खालच्या मजल्यावरच्या तान्ह्या पोरांना अंगाई लागत नसे. शारजात हजारो एसी गुरगुरत होते; हा मात्र गायचा. ज्याला खोटं वाटत असेल त्याने त्या कबुतरांना विचारावं.

या एसीच्या जिवावर ॲना तुस्कानोने एकोणिसाव्या वर्षी बँड काढला. ती गायची, नीरव गिटार वाजवायचा, विष्णू ड्रम बडवायचा. गाणी स्वतःची, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. त्यातलं 'माझं पार्किंग कोणी घेतलं' तर बिल्डिंगची माणसं लिफ्टमध्ये गुणगुणायची आणि खाली उतरून पार्किंगवरूनच भांडायची. तालीम त्या हॉलमध्येच. गिटार एसीच्या घुमण्याला लावलेली, ॲनाचा गळाही त्यालाच लावलेला. कॉम्प्रेसर फुकटात षड्ज धरून बसलेला असताना तंबोरा हवा कुणाला?

पप्पांना, म्हणजे जेरार्ड तुस्कानोंना, हे कौतुक पटत नव्हतं. वसईहून येऊन कार्गोच्या ऑफिसात केस पांढरे केलेला माणूस.

"ॲना, आमच्याकडे टायपिस्टची जागा आहे. मी शब्द टाकलाय. शनिवारपासून जायचं."

"पप्पा, आय ॲम अ सिंगर."

"कोण म्हणतं?"

"अख्खी बिल्डिंग."

"बिल्डिंगला कान फुकट आहेत गं. एखाद्या हॉटेलने दर गुरुवारी तुला गायला ठेवलं, तर मी ऑफिसात 'नको' म्हणून सांगेन. नाहीतर बँड खलास."

"डन," ॲना म्हणाली. घाबरणं तिच्या पत्रिकेत नव्हतं. पत्रिकाच नव्हती म्हणा.

दुसऱ्याच दिवशी तिघंजण दुबईत, देरातल्या एका हॉटेलात हजर. तिथला रेस्टॉरंट मॅनेजर अन्वरभाई, कपाळावर कायमची आठी, पण मनाने लोणी. पंचाईत एवढीच, की हॉटेलला सेंट्रल एसी. मुका! वेटरने डोळे मिचकावले तरी ऐकू यावेत असा. ॲनाने तोंड उघडलं आणि सूर जो निसटला तो थेट खाडी ओलांडून गेला. नीरव एका पट्टीत, ॲना दुसरीकडे, आणि विष्णू मधे कुणाची बाजू घ्यावी म्हणून दोघांकडे बघतोय.

"बेटी, गाना अच्छा है," अन्वरभाई म्हणाले, "मगर ये बैठा कहाँ है? थर्सडे को एक चान्स और. यल्ला, अब चलो."

परतताना टॅक्सीत नीरव म्हणाला, "ट्यूनर घेऊ या एक."

"मशीनच्या सुरावर मी गाणार नाही."

"मग एसी काय, तुझा मामा आहे?" विष्णू म्हणाला.

"मामाच समज. गुरुवारी मामाला घेऊन जायचं."

गुरुवारी दुपारी वॉचमन जहूरने दोन झटक्यांत एसी भिंतीतून उपटला. मम्मीने कपाळाला हात लावला. "अगं जुलै आहे! पप्पा घरी येऊन भाजून निघतील."

"थोडाच वेळ, मम्मी. भोकाला ओला टॉवेल लाव."

टॉवेल लावला, तो पापडासारखा वाळला. त्या भोकातून वाळवंट असं आत शिरलं, की अल्तारावरच्या मेणबत्त्या न पेटवताच कमरेत वाकल्या. तोवर मामा पिकअपमध्ये बसून देराला पोहोचला होता.

स्टेजवर कोल्ड्रिंकच्या क्रेटवर एसी पाहून अन्वरभाईंची आठी दुप्पट झाली. "ये क्या है?"

"हमारा चौथा मेंबर," ॲना म्हणाली. "खाना नहीं खाता."

स्विच दाबला. मामा घुमला आणि ॲनाचा सूर त्याच्यावर असा बसला, जसा राजा गादीवर. शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्रीची गर्दी जेवता जेवता थांबली. एका नर्सने मटणाचा तुकडा तोंडाशी धरला तो तसाच राहिला. पण या तिघांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. हॉल आधीच गारढोण होता. दुसऱ्या कडव्यात थर्मोस्टॅटला वाटलं, आपलं काम झालं, आणि कॉम्प्रेसर खट्कन बंद पडला.

षड्ज गेला. नीरवचा हात तारांवर अडला. ॲनाने सूर धरून ठेवला होता, पण तो पायाखालून सरकतोय हे तिला कळत होतं. डोळ्यांपुढे टाइपरायटर दिसायला लागला.

इतक्यात दाराशी पप्पा. घामाने निथळलेले, लाल लाल, एसी परत न्यायला आलेले. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना स्टेजवर पोरीचा चेहरा दिसला. आठ उन्हाळे तो सूर उशाशी घेऊन झोपलेला माणूस! शिवी राहिली पोटात, आणि नाकातून बरोब्बर तोच सूर निघाला.

"हूँऽऽऽ..."

नर्सच्या टेबलाने उचलला. मग सेल्समनच्या. मग कोपऱ्यातल्या टॅक्सीवाल्यांनी. एका खोलीत सहा-सहा जण, आणि खिडकीतल्या एसीखाली वर्षानुवर्षं झोपलेली सगळी माणसं ती. गल्फमधला माणूस एक वेळ स्वतःचं गाव विसरेल, हा सूर नाही विसरणार. शेवटी अन्वरभाईही डोळे मिटून घुमायला लागले. ग्लासातलं पाणी थरथरलं, आणि छतातल्या त्या मुक्या सेंट्रल एसीलाही लाज वाटली असावी. तोही हळूच साथीला आला.

ॲनाने विष्णूकडे बघून मान हलवली आणि तिसरं कडवं असं सोडलं, की तालमीतही कधी तसं लागलं नव्हतं.

टाळ्या ओसरल्यावर अन्वरभाई पुढे आले. "हर थर्सडे. पक्का."

पप्पांनी रुमालाने मान पुसली. "शनिवारी ऑफिसात सांगतो, पोरगी येत नाही म्हणून." मग अन्वरभाईंकडे वळले. "और आर्टिस्ट के घरवालों का खाना?"

"इन्शाल्ला, साहब."

"इन्शाल्ला नहीं चलेगा, हबीबी. हाँ बोलो या ना."

"हाँ बाबा, हाँ!"

पप्पांनी तिथलीच एक प्लेट उचलली आणि स्टेजकडे बघून ओरडले, "ए पोरी, थांबलीस कशाला? दुसरं गाणं घे!"