दोन कस्तुरांतला फरक

धाकटा लेक पक्षी मोजायच्या नोकरीवर दूर गेलाय. फोनवर मला दोन जातींच्या कस्तुरांची गाणी ऐकवतो आणि ओळखायला लावतो. दिसायला दोघे सख्ख्या भावांसारखे, पण एक प्रत्येक तान दोन-तीनदा घेतो. दुसरा एकदाच घेतो आणि पुढे जातो. चौथीत शाळा सुटली असली तरी मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. साऱ्या घराच्या चुका काढणारी मी, इथे मात्र मुद्दाम चुकते.

“आई, डोकं कुठे ठेवलंयस? तुला समोर बसवूनच शिकवायला हवं!”

“मग ये की, मास्तर.”

“बघतो.”

एवढं एकदाच म्हणाला, त्या दुसऱ्या कस्तुरासारखा. पुन्हा म्हणेल म्हणून मी फोन कानाशी धरून बसले.