त्रिशंकूच्या उजवीकडे

संयोगिता कॉलेजात भूगोल शिकवायची. दक्षिणेला, त्रिशंकू या तारकासमूहाच्या उजवीकडे, क्षितिजालगत एक तेजस्वी तारकागुच्छ असतो. तो दुर्बिणीतून बघायचा तिला नाद लागला होता. पण कोल्हापुरातून तो जेमतेम वर येतो, त्यात उन्हाळ्यात तिकडं धूळ नाहीतर उसाचं पाचट पेटवल्याचा धूर. तीन उन्हाळे ती हात हलवत परत आली होती.

यंदा एप्रिलअखेर वळीव पडून गेला आणि आभाळ धुऊन निघालं. अंधार पडताच तिनं नवऱ्याला, पृथ्वीराजला, गाडी काढायला लावली. कळंबा तलावाच्या बांधावर स्टँड उभा करून ती दुर्बीण सावकाश सरकवत राहिली. मग ओरडली, "अहो, या लवकर! सापडला!"

पृथ्वीराज गाडीला टेकून मोबाईलवर कुस्ती बघत होता. तसाच आला, क्षणभर डोळा लावला.

"काय बी दिसत न्हाय."

"जरा थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे."

"भूक लागलीया. चल." वळताना त्याचा पाय स्टँडला लागला. तिनं दुर्बीण पुन्हा नीट लावेपर्यंत त्यानं गाडी चालू केली. बांधभर दिव्यांचा उजेड पडला.

तरी वाटेत ती भरभरून सांगत होती. हुपरीतला चांदीचा चुरा उधळल्यासारखं दिसत होतं म्हणाली, मधे चार-दोन नारिंगी तारे. तो नुसता हुंकार देत होता.

रविवारी नणंद पूर्णिमा नवऱ्याबरोबर जेवायला आली. भाकरी वाढताना संयोगिताच्या कानावर पृथ्वीराजचं बोलणं आलं. "काय सांगू दाजी! हुपरीतला चांदीचा चुरा उधळल्यागत. मधी नारिंगी तारं. मीच हुडकलं, हिला कुठलं घावतंय!"

संयोगिताचा हात थांबला. "ह्यांनी काही बघितलं नाही, वन्सं. दिसत न्हाय म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले."

दाजी ताटात बघत राहिले. पूर्णिमा म्हणाली, "असू दे की वहिनी. चारचौघांत नवऱ्याला असं बोलत्यात व्हय?"

पृथ्वीराज मोठ्यानं हसला आणि त्यानं रस्सा मागितला. तिला काय दिसलं होतं, ते कुणीच विचारलं नाही.

सोमवारी संध्याकाळी ती बसनं एकटीच कळंब्याला गेली. हवा स्वच्छ होती. गुच्छ चटकन सापडला, आणि तिनं तो मनसोक्त बघितला.

घरी आली तेव्हा पृथ्वीराज टीव्हीसमोर होता. "घावलं का?"

"नाही."

"म्हटलं न्हवतं? मी लागतोय की संगं."

दुर्बीण कपाटात ठेवून तिनं कपाटाला कुलूप लावलं.