धवळ्या बसेल तिथे मुक्काम

मी एक जुनी गोण आहे, आणि मला कुणी पोते म्हटलेले खपत नाही. पोती बाजारात मिळतात आणि फाटली की चुलीपुढे पाय पुसायला जातात. मी तशी नाही, मित्रांनो. बैलाच्या पाठीवर टाकली की दोन्ही अंगांना सारखी लोंबणारी, दोन पोटांची, हाताने विणलेली गोण बघायची असेल तर तुम्हाला दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यावर यावे लागेल. आलात तर जरा लांबूनच बघा. मी तागाची आहे. टोचते. आणि आज जे सांगणार आहे तेही टोचणारेच आहे, गोड बोलून तुमची करमणूक करायला मी बसलेली नाही.

मला मानीबाईने विणले. तांड्यातल्या भुरीबाईची ती आजेसासू. ताग पाण्यात कुजवून, सोलून, वाळवून, ती चालता चालता टकळीवर सूत काढायची. तिने माझ्या तोंडाशी कवड्या शिवल्या. त्यातल्या चार अजून शाबूत आहेत. पुढे कितीतरी वर्षे मी मीठ वाहिले, गहू वाहिला, हरभरा वाहिला. तुमच्या पणज्याच्या ताटात जे मीठ पडले ते माझ्याच पोटातून आले असेल, पण त्याची आठवण कोण ठेवतो!

त्या काळी मुक्काम कुठे करायचा हे माणसे ठरवत नसत. आमच्या तांड्यात एक देवाचा बैल असे. त्याच्यावर ओझे लादायचे नाही, त्याला जू दाखवायचे नाही. शिंगांना कवड्या बांधून, गळ्यात घंटा घालून तो सगळ्यांच्या पुढे चाले, आणि चालता चालता तो जिथे बसेल तिथे मुक्काम. मग तांड्याच्या म्होरक्याचा, नायकाचासुद्धा शब्द चालत नसे. आम्हा गोणींची थप्पी लावून भिंत करायची आणि बायका-पोरांनी तिच्या आडोशाला झोपायचे. वारा अडला, कोल्हा अडला, चोरही अडला. लोक म्हणत, बंजाऱ्याची गोण म्हणजे बिनदाराचे घर.

मग रेल्वे आली, सडका झाल्या, आणि आमचे काम संपले. तांडा एका जागी बसला आणि शेती करू लागला. माझ्यात कधी सरकी भरली, कधी कोंबड्या खुडूक बसल्या. भुरीबाई तेवढी मला वर्षातून दोनदा झटकून ऊन दाखवायची. तिचा मुलगा देवीलाल तर मला उकिरड्यावरच टाकायला निघाला होता. देवीलाल शिकला, मास्तर झाला, कोट घालू लागला. "याडी, हे चिंधूक फेक आता. घरी कोनी आलं तं काय म्हनन?" असे तो आईला म्हणायचा. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. भुरीबाई म्हणायची, "मलेही फेकशीन मंग." तेव्हा तो हसायचा. मला तो माणूस तेव्हापासून आवडत नाही, आणि मी ते लपवतही नाही.

दोन वर्षांपूर्वी, सन एकसष्टच्या हिवाळ्यात यवतमाळला मोठी प्रदर्शनी भरली. विजेचे दिवे, आकाशपाळणा, मौत का कुआ, माणसाला बुटके नि जाडे करून दाखवणारे आरसे. देवीलालच्या मुलीने, जमनीने, शाळेत आकाशपाळण्याचे नाव ऐकले आणि बापाच्या मागे टुमणे लावले. देवीलालने ठरवले, सगळे जाऊ, चांगले दोन-तीन दिवस राहू. आमच्या तांड्यात हे नवलच होते. लग्न नाही, मयत नाही, मजुरी नाही, तरी घर सोडून परगावी राहायचे! बायका बघायला आल्या.

भांडण पेटले ते राहायचे कुठे यावरून. देवीलालच्या शाळेतल्या बबनराव मास्तरांनी त्याला एका धर्मशाळेचे नाव सांगितले होते. चांगली माणसे तिथेच उतरतात म्हणे. देवीलालच्या मनात ती धर्मशाळा घर करून बसली. पाळण्यापेक्षा त्याला तिचीच ओढ जास्त होती.

भुरीबाई म्हणाली, "मुक्काम काय आधीच ठरवून ठेवाचा रायते? धवळ्याले संग घेऊ. तो बसन तिथं उतरू."

धवळ्या हा तांड्यातला शेवटचा देवाचा बैल. म्हातारा झाला होता, पण त्याने जन्मात जू पाहिले नव्हते.

"याडी, आपुन कुठं झोपाचं हे बैल ठरवन काय आता? लोक हासतीन."

"हासू दे. तुये बापजादे बैलाच्या मागंच चालले, म्हनून तू जलमला."

"मी नाही चालनार बैलाच्या मागं."

"तं मग मी येतच नाई. दादी नाई आली तं जमनी येईन काय, इचार तिले."

जमनी दादीच्या घागऱ्याला धरून उभी होती. देवीलालने दात खाल्ले आणि हो म्हटले. पण तो हो खोटा होता, मित्रांनो. त्याने मनात डाव आखला होता. धवळ्याला गाडीच्या मागे बांधायचे, वाटेत विसावू द्यायचे नाही, म्हणजे धर्मशाळेच्या दारात पोचताच तो दमून खाली बसेल आणि आई गप्प होईल. त्याने बायकोला, चंदाबाईला, निघण्याआधी घागऱ्याऐवजी नऊवारी लुगडे नेसायला लावले. तिला ते सावरता येईना. गाडीत ती पाय आखडून, तोंड फिरवून बसली होती. भुरीबाईलाही त्याने लुगडे दाखवले. तिने ते माझ्या अंगाखाली अंथरले आणि आपला आरशांचा घागरा आवरून वर मला टाकून बसली. 

रात्रभर न थांबता चालून दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर आम्ही धर्मशाळेशी पोचलो. देवीलालने उतरताच टोपलीतून सरकीची ढेप काढली आणि फाटकाच्या अगदी तोंडाशी धवळ्यापुढे टाकली. बैलाने ढेप खाल्ली. टोपलीही चाटली. आणि उभाच राहिला. शेपूट हलवत, रस्त्याकडे तोंड करून उभा. भुरीबाई हसली. त्या प्रवासात ती तेवढीच एकदा हसली.

ओसरीवर शहरातली दोन-तीन कुटुंबे चहा पीत बसली होती. मुनीम खुर्चीवर होता. देवीलालने कोटाची बटणे लावली आणि नाव सांगितले, डी. एल. राठोड, मास्तर. मुनीम अदबीने उठला. खोली आहे म्हणाला. मग त्याची नजर गाडीकडे गेली आणि चेहरा बदलला.

"ते लमानीन कोन हाय? अन् ते ढोर? इथं असल्या लोकाइले आमी उतरू देत नाई. भांडेकुंडे जातात मागाहून. तुमच्या संग हाय काय ते?"

ओसरीवरचे चहाचे कप थांबले. सगळे बघू लागले. गाडीतून उतरून उभ्या राहिलेल्या भुरीबाईच्या खांद्यावर मी होते. तिचा खांदा ताठ झालेला मला कळला.

देवीलाल म्हणाला, "नाही. ती आमच्यासोबत नाही. गाडीबरोबर आली आहे. बैल सांभाळणारी आहे."

किती शुद्ध बोलला! मला हात असते तर मी त्याचे तोंड आवळून धरले असते.

भुरीबाई रडली नाही. तिने धवळ्याचे दावे सोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बराबर हाय. मी बैलच सांभाळाले पायजे होता. पोरगा सांभाळला, तेच चुकलं."

आणि ती निघाली. पुढे धवळ्या, मागे ती, तिच्या खांद्यावर मी. थोड्या वेळाने मागून धापा टाकत जमनी आली आणि तिने माझे लोंबते टोक धरले. दादीने पावले थोडी आवरती घेतली. 

धवळ्या बाजारातून गेला. पोरे मागे लागली, कुणी खडे मारले. एका दुकानदाराने पाणी फेकले. भुरीबाई मान खाली न घालता चालत होती. परक्या गावात, ओळख ना पाळख, म्हातारी बाई, सोबत एवढीशी पोर. या बैलाने कुठेतरी बसावे आणि आपल्याला टेकायला चार हात जमीन मिळावी, एवढेच तिला हवे होते.

आणि तो बसला कुठे? प्रदर्शनीच्या मैदानात, आकाशपाळण्याच्या तिकिटाच्या खिडकीपुढे! गुडघे मोडून, मोठा सुस्कारा टाकून तो असा बसला की जणू आजोबांपासूनची त्याची जागा. भुरीबाईने इकडेतिकडे पाहिले नाही. मला खांद्यावरून काढले, झटकले, कवड्यांची बाजू बाहेर ठेवून अंथरले आणि जमनीला वर बसवले. मुक्काम झाला.

पाळण्याचा ठेकेदार धावत आला. "ए बुढे, उठव तुयं जनावर! माया धंद्याची जागा हाय ही."

"माया हातात नाई, बापा. तो उठन तवा उठन."

"चोट्टी जात! सामान उचल अन् चालती हो."

त्याने धवळ्याच्या पाठीवर काठी मारली. धवळ्याने डोळे मिटून घेतले. भुरीबाई मध्ये आली तेव्हा दुसरी काठी तिच्या हातावर बसली, बांगड्या फुटल्या. लोक गोल करून उभे राहिले. काही हसत होते. कुणी म्हणाले, पोलिसाला बोलवा. ठेकेदाराने माझे टोक धरून हिसका दिला आणि जमनी धुळीत पडली. मी इतकी वर्षे ओझी वाहिली, मित्रांनो, पण त्या दिवशी जमिनीला घट्ट चिकटून राहण्याइतके जड काम मी कधी केले नाही.

तेवढ्यात देवीलाल आला. पोरगी शोधत आला होता. मागे चंदाबाई. त्याचा कोट पाहून ठेकेदाराला धीर आला.

"सायेब, तुमी शिकलेले दिसता. समजावा इले. तुमच्याकडची हाय काय हे बाई?"

देवीलालने तोंड उघडायच्या आत भुरीबाई बोलली. "नाई. तो माया कोनी नाई. धरमशाळेतला सायेब हाय तो. त्याले कायले इचारता?"

जे त्याने सकाळी केले तेच तिने केले, पण तिने सगळ्यांच्या देखत, त्याच्या डोळ्यांत बघून केले. देवीलाल काळाठिक्कर पडला. जमनी एकदा बापाकडे, एकदा दादीकडे बघू लागली. मला त्याची कीव आली नाही. खरेच सांगते, मुळीच आली नाही.

पहिली हलली ती चंदाबाई. ती गर्दीतून वाट काढत आली, लुगड्याचा घोळ गोळा करून माझ्यावर बसली आणि सासूचा रक्ताळलेला हात तिने मांडीवर घेतला.  मग देवीलाल ठेकेदाराला म्हणाला, "ते माही माय हाये. मारू नका तिले."

शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती.

ठेकेदार त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिला. "माय हाये? मंग इतक्या वेळ काहून नाई सांगतलं? मायले वळखाले बी वेळ लागते काय, सायेब?"

गर्दी खो खो हसली. 

पाळण्याचे दिवे लागले, भोंगा वाजला, तेव्हा धवळ्या आपणहून उठला. ठेकेदाराने जमनीला पाळण्यात बसू दिले नाही. लमाणाची पोर म्हणून नाही, तर गंमत म्हणून; "आधी बैलाले इचार" म्हणत त्याने सगळ्यांना हसवले. ती फिरणाऱ्या पाळण्याकडे मान वर करून बघत होती, आणि मग बघायचीही थांबली. जमनी दादीमागे धावली तेव्हाच खरे काय ते ओळखून धर्मशाळेच्या मुनिमाने आमचे सामान फाटकाबाहेर ठेवले होते. गावाबाहेर नाल्याकाठी धवळ्या पुन्हा बसला, आणि तिथे सासू, सून नि नात माझ्यावर झोपल्या. देवीलाल बाजूला उकिडवा बसून होता. माझ्यावर आणखी एकाची जागा होती. भुरीबाईने ती त्याला दिली नाही. सकाळी गाडी परत फिरली. आमच्या घरची पहिली सहल ती अशी झाली, आणि दुसरी अजून झालेली नाही.

तुम्ही म्हणाल, पुढे सगळे गोड झाले असेल. नाही झाले. भुरीबाई मुलाशी बोलते, त्याच्या घरची भाकर खाते. पण त्या दिवसापासून ती त्याच्या छताखाली झोपलेली नाही. अंगणात मला अंथरते, शेजारी धवळ्या. रोज दिवेलागणीला देवीलाल दारात येतो. "याडी, थंडी हाये, आत ये." ती म्हणते, "धवळ्या आत बसन तवा मीही येईन." बैल काही कौलाखाली बसत नाही. देवीलाल दार लोटून घेतो. हल्ली तो मला स्वतःच्या हाताने ऊन दाखवतो, माझी उसवलेली शिवण त्याने सुतळीने नीट केली आहे. भुरीबाई ते बघते आणि मला पुन्हा अंगणातच अंथरते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, झटका, ऊन दाखवा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. सांगते. पण त्याहून एक गोष्ट मोठी आहे. परगावी कुठे उतरायचे ते खुशाल तुम्ही ठरवा. धर्मशाळेत उतरा, झाडाखाली उतरा. फक्त दारातल्या माणसाने, ही तुमच्यासोबत आहे का, असे विचारले तर हो म्हणायला वेळ लावू नका. उशिरा म्हटलेले हो आईपर्यंत पोचते, पण तिला घरात आणू शकत नाही.