खालच्या फळीवरचं चाक

आमच्या घरात माणसापेक्षा चीजला मान जास्त. मला ताप आला तर पहिला प्रश्न, "मग आज चाकं कोण फिरवणार?" हे मी रागानं सांगत नाहीये. म्हणजे रागानंच सांगतेय, पण खोटं सांगत नाहीये.

चाकं म्हणजे चीजची चाकं. ताटाएवढी गोल, वीतभर जाड. वर उतारावर आमच्या पंधरा गाई चरतात, धाकटा भाऊ त्यांच्या मागे असतो. बाबा दुधाची चाकं पाडतात आणि ती खाली तळघरात माझ्या गळ्यात येतात. रोज एकेक चाक उचलायचं, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं चोळायचं, उलटं करून परत फळीवर ठेवायचं. असं चौदा महिने. एकशे बारा चाकं आहेत, शेवटच्याला हात लागेपर्यंत पहिलं "माझं काय?" म्हणत असतं. तळघराला खिडकी नाही. उजेड लागला तर चीज बिघडतं. माझं काय बिघडायचं ते बिघडू दे!

पणजोबांपासून चालत आलेला नियम असा, की सुरुवातीचे चाळीस दिवस चाकावर एकच हात पडला पाहिजे, आणि तोही मुरलेला. नवा हात लागला की साल तडकते, आत कडवट होतं. आधी हा हात आत्याचा होता. ती गेली आणि माझा आला. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आता त्रेचाळीस.

गेल्या महिन्यात शहरातल्या दुग्धशाळेच्या शिक्षणकेंद्रातून पत्र आलं. मुलामुलींना चीज शिकवायची नोकरी, तिसऱ्या मजल्यावर राहायला खोली. खोलीला दोन खिडक्या असल्याचंही लिहिलं होतं. ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नका. सोमवारी हजर व्हायचं होतं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जा की. मी कुठं अडवतोय? जाताना तेवढं चाकांना सांगून जा."

याला म्हणतात केसानं गळा कापणं! मग मी भांडले. चांगली तोंड सोडून भांडले, ताटं आपटली. शेवटी बाबा उठले आणि म्हणाले, "नव्या हाताचं एक तरी चाक जाणत्या माणसाच्या पसंतीला उतरू दे. मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन." बाबा कडू बोलतात, पण शब्द फिरवत नाहीत.

तसली चाकं घरात होती. सहाच. सव्वा वर्षापूर्वी माझं मनगट मोडलं, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. तेव्हा धाकट्यानं तळघर सांभाळलं. गाईंशी बोलतो तसा चाकांशी बोलायचा वेडा. बाबांनी ती सहाही चाकं खालच्या फळीवर पार मागे सारली, "कुत्र्यालाही घालू नका" म्हणाले. पुढे इतरांबरोबर त्यांनाही मीच फिरवत राहिले, सवयीनं. पण माझ्या प्रत्येक चाकाच्या कडेला मी पहिल्या दिवशी अंगठ्याचं नख रुतवते. त्या सहांवर नख नव्हतं.

आणि शुक्रवारी पारखी आले.

सावकाश पिकणारं, सावकाश मुरणारं अन्न जपणारी एक संस्था आहे. राहायचं शहरात आणि गोडवे गायचे आमच्या संथपणाचे, म्हणजे संथ आम्ही राहायचं. त्यांचे हे चव पारखणारे गृहस्थ. जाड चष्मा, वाकलेली पाठ, बोलणं मोजकं. मी माझं सगळ्यात देखणं चाक पुढे केलं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"लोक मागे काय दडवतात ते मी आधी बघतो," म्हणाले आणि गुडघे टेकून खालच्या फळीत हात घातला.

बाहेर आलं ते बिननखाचं चाक. बाबांनी ते बघितलं, मीही बघितलं. धाकटा दाराशी दुधाची बरणी घेऊन उभा होता, त्याचे कान लाल झाले. पारख्यांनी पोकळ सळी आत घालून तुकडा काढला, हुंगला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"यात तुमचा उतार आहे," ते म्हणाले. "गवत आहे, ऊन आहे. यंदा मी इतकं चांगलं चीज खाल्लेलं नाही."

सुटले! मनात दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

तेवढ्यात ते पुढे बोलले, "हे भाडोत्री हाताचं काम नव्हे. एखाद्यानं अख्खा जन्म या फळ्यांपाशी काढल्याशिवाय ही चव येत नाही. कुणाचा हात?"

बाबांनी घसा खाकरला. ते खरं सांगणार होते. त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"माझा," मी म्हटलं. "बावीस वर्षं माझाच आहे."

का म्हटलं? धाकट्याला जे चाळीस दिवसांत जमलं, त्यासाठी माझी बावीस वर्षं गेली, हे त्या परक्या माणसासमोर, बाबांसमोर कबूल करायचं? मग मी इथं अंधारात केलं तरी काय? डोंबल? त्या क्षणी मला वाटलं, मूर्ख ठरण्यापेक्षा कोंडलेली बरी.

पारख्यांनी माझ्या हातांचे फोटो काढले. संस्थेच्या यादीत आमचं नाव घालतो, आता हा हात सोडू नका, असं बाबांना बजावून गेले. बाबा जिन्यात माझ्याजवळ थांबले.

"मी सांगणार होतो गं," म्हणाले.

"माहितीय."

ते एकेक पायरी धरत वर गेले.

मी परत चाकांना लागले. थोड्या वेळानं धाकटा हात धुऊन खाली आला. पाण्यातलं फडकं त्यानं उचललं, पिळलं, आणि शेजारच्या चाकावरून हलकेच फिरवलं. तक्रार करायला आला असेल म्हणून मी तयारीत होते, पण त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

"ताई, ते माझंच होतं ना?"

"हो."

"म्हणजे चांगलं झालं होतं." तो स्वतःशीच हसला. "तू नोकरीला जा खुशाल. बाबांना मी सांगतो. मी बघेन इथलं. मला आवडतं गं हे."

बघा, दार पुन्हा उघडलं होतं. आणि या वेळी बघायला परकं कुणीही नव्हतं.

"तुझं मीठ जास्त पडलं होतं," मी म्हटलं. "त्या माणसाला कळलं नाही, एवढंच."

तो हातातल्या फडक्याकडे बघत राहिला.

"असेल," म्हणाला. फडकं खिळ्याला अडकवलं आणि गाईंकडे गेला.