ब्रिहिदाच्या गळ्यातली माळ

भर जूनच्या उन्हात सत्तरी गाठलेली बाई गळ्याभोवती लोकरी शाल गुंडाळून रोमन अवशेष बघायला आली, तर कुणालाही संशय येईल. आणि दारावरच्या दामिआनला तर संशय घ्यायचाच पगार मिळत होता.

"मावशी, थंडी वाजतेय?"

"म्हातारपण आहे बाबा. तुलाही यायचंय."

शालीखाली पंचवीस कच्च्या रानअंजिरांची माळ होती. बाकीचे लोक रंगमंडपाकडे वळले, ब्रिहिदा मात्र तडक समुद्राकडच्या दगडी हौदांपाशी गेली. रोमन लोक तिथे मासे खारवत. त्यांच्यानंतर कैक शतकांनी तिथेच तिच्या आईने संसार केला. किनारा राखीव झाला, सरकारने घर पाडलं, आईने लावलेलं अंजिराचं झाड तेवढं राहिलं. आता त्याची मुळं हौदाच्या भिंतीत शिरत होती आणि चार वर्षांत एकही फळ टिकलं नव्हतं. अवशेषांच्या कचेरीने सांगून टाकलं होतं: यंदा फळलं तर पाखरांसाठी ठेवू, नाहीतर कुऱ्हाड.

झाडाखाली तिने शाल सोडली आणि मागून दामिआन ओरडला, "मावशी, अहो, अंगभर किडे!"

तो टोपीने झटकायला धावला.

"मारू नकोस मेल्या! तेवढ्यासाठीच तर आणलेत!"

पकडली गेलीच होती, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. हे झाड मादी. रानातल्या नर अंजिरात, उंबरात असतात तशी, बारीक चिलटं असतात. ती हिच्या फळात शिरली तर फळ टिकतं, नाहीतर हिरवं असतानाच गळतं. म्हणून जूनमध्ये फांदीला माळ बांधायची. तिची आई बांधायची, आजी बांधायची.

दामिआनचा चेहरा उतरला. तो शहरातून आलेला, चार वर्षांपूर्वी.

"दरवर्षी इथे एक दोरी लटकलेली असायची..."

"मीच बांधायचे. चोरून."

"मी कचरा म्हणून काढून टाकायचो."

ब्रिहिदाला असा संताप आला, की त्या माळेनेच त्याला झोडपावं! पण चिलटांचं आयुष्य एका दिवसाचं. भांडायला सवड नव्हती.

"चढ वर."

"झाडावर चढायला मनाई आहे, मावशी."

"मग कुऱ्हाड पडेल तेव्हा तुझे नियम हातात धरून उभा राहा."

दामिआनने इकडेतिकडे पाहिलं, सरकारी टोपी काढून हौदाच्या काठावर ठेवली आणि चढला.

सप्टेंबरात ब्रिहिदा टोपली घेऊन आली. झाड जांभळ्या अंजिरांनी लगडलं होतं. तिला रडूच आलं.

"कचेरीतले साहेब आले होते?"

"आले. सहा खाल्ली आणि कुऱ्हाडवाल्याला परत पाठवलं. पण टोपली रिकामीच न्यावी लागेल हं. इथून काडीही बाहेर नेता येत नाही." तिचं तोंड पडलेलं पाहून तो घाईने म्हणाला, "इथे बसून खाऊ नये, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलंय."

त्याने ओंजळभर अंजिरं काढली आणि हौदाशेजारच्या सपाट दगडावर बैठक मारली. ब्रिहिदाने एक अंजीर फोडून तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि मग त्याला कोपराने ढोसलं.

"सरक जरा. आईच्या चुलीवर बसलायस."