मांडणीमागचा बोर्ड

लतिकाबाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या अगदी मागे, भिंतीत, एक विजेचा बोर्ड होता. कधीकाळी मिक्सरसाठी घेतलेला. पुढे मिक्सर खिडकीपाशी गेला आणि बोर्ड तिथंच राहिला, वाफा खात, तेलकट होत. ना कामाचा ना धामाचा. धार गावची अपेक्षा सून होऊन देवासला या घरी आली, ती पहिल्याच महिन्यात म्हणाली, "आई, शेगडीपाशी हा बोर्ड नको. वायरमनला बोलावून मागची लाईनच काढून टाकू या." शहाण्यासारखं सांगत होती पोरगी! पण लाईन काढायची म्हणजे टाईल फोडायच्या, आणि द्राक्षांच्या घडांच्या त्या टाईल बाईंनी हट्टानं इंदूरहून आणवलेल्या. तशा आता मिळत नाहीत. मग बाईंनी काय करावं? बोर्ड दिसायला नको म्हणून त्याच्यावरच मसाल्याची स्टीलची मांडणी ठोकून घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या म्हणजे या घरात कडक सोवळं. ओलेत्यानं, अनवाणी स्वयंपाक, आणि नैवेद्य आणि पंगत होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. गेल्या वर्षी त्याच दिवशी अपेक्षाच्या हातून पुरणाचं पातेलं पडलं. "मांडणीला हात लागला आणि झटका बसला हो," ती म्हणाली. लतिकाबाई पडल्या बुटक्या, कायम लाकडी पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. त्यांनी पाटावरूनच मांडणीला हात लावला. काही नाही. एरवी अपेक्षा टाचा दुखतात म्हणून घरात चपला घालायची, तेव्हाही कधी काही झालं नव्हतं. झटका काय तो सोवळ्यातच बसला. झालं! बाईंनी पंगतीला आलेल्या सवाष्णींच्या देखत विचारलं, "अपेक्षा, अडचण आहे का तुझी? देवीपासून लपवतेस?"

पोरगी रडली, शपथा घेतल्या. ऐकतंय कोण! उचलली जीभ लावली टाळ्याला. वर संध्याकाळी बाईंनी धारला विहीणबाईंना फोन केला, "लेकीला शिवाशिव शिकवली नाहीत वाटतं." त्या दिवसापासून सोवळ्यात अपेक्षाला स्वयंपाकघराचा उंबरा बंद.

यंदा सवाष्णींना पाट कमी पडला, म्हणून मुलगा शार्दूल आईच्या पायाखालचा पाटच घेऊन गेला. लतिकाबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि जायफळासाठी टाचा उंचावून मांडणीला हात घातला.

"आई गं!" हात खांद्यापर्यंत सणकला. बाई मागे भिंतीवर आदळल्या, जायफळाची डबी कुठच्या कुठे गेली. शार्दूलनं धावत जाऊन आधी मेन स्विच पाडला, मग टॉर्च घेऊन मांडणीमागे पाहिलं. बोर्ड शेगडीच्या आचेनं वितळून काळा पडला होता, आतली तार उघडी होऊन मांडणीच्या स्क्रूला टेकली होती.

"आई," तो हळूच म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षी अपेक्षाला..."

"आत्ता नको," लतिकाबाई म्हणाल्या. "बायका येतील."

बायका आल्या. पंखे बंद. "लाईट गेलीये," बाईंनी सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. लाईट काय, जातेच. उरलेला स्वयंपाक मांडणीला न शिवता गॅसवर झाला. कुणाला काही कळलं नसतं. दोन दिवसांनी गुपचूप बोर्ड काढला असता तरी चाललं असतं, आणि हे बाईंच्या मनात आलंसुद्धा. असं मनात आल्याची त्यांना इतकी लाज वाटली, की पुरणपोळी वाढताना त्यांना कुणाकडे बघवेना.

अपेक्षा मात्र दाराशी उभी राहून पंगतीला हातपंख्यानं वारा घालत होती. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "यंदाही बाहेरच का गं तू? बरंय, विषाची परीक्षा कशाला."

अपेक्षानं मान खाली घातली. पंखा हलत राहिला.

लतिकाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "अक्का, लाईट गेलेली नाही. मी खोटं बोलले. माझ्या मांडणीत करंट आहे. आज मी पाटावर नव्हते, मलाही बसला. गेल्या वर्षी तिला बसला होता तो हाच. ती खरं बोलत होती. टाईल फुटतील म्हणून बोर्ड मी ठेवला, मांडणी मी ठोकली, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं. तुमच्यादेखत बोलले होते, म्हणून तुमच्यादेखत सांगते. मला लाज वाटते."

बाई सुनेकडे वळल्या, पण शब्द फुटायच्या आत अपेक्षाच म्हणाली, "आई, इथं नका सांगू. धारला सांगा. तुमचा फोन गेल्यापासून माझी आई मला तिच्या देवघरात पाऊल टाकू देत नाही."

बाप रे! लतिकाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्या सोवळ्यात होत्या, नैवेद्य झाला तरी बायकांची पानं व्हायची होती. त्यांनी फळीवरचा फोन उचलला. अक्का "अगं, सोवळं..." म्हणेपर्यंत धारला घंटी वाजलीसुद्धा.

बाईंनी सगळं सांगितलं, काही न वगळता. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "तिनं मलाही हेच सांगितलं होतं हो. मी तिची आई असून..."

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. "चाचीजी, नुसती चिकटपट्टी लावून काम नाय चालनार," म्हणाला. मेन बंद करून त्यानं चार टाईल फोडल्या, त्या बोर्डाची तार विजेच्या मूळ पेटीतूनच सोडवली, भोक सिमेंटनं बुजवलं, आणि करंट गळला तर मेन आपोआप पडेल असा स्विच बसवला. मांडणी लांबच्या भिंतीवर गेली. शेवटी मेन चालू करून, टेस्टर लावून त्यानं शेगडीमागच्या भिंतीत कुठंच करंट नाही हे दाखवलं. शार्दूल नव्या टाईल बघायला निघाला, तर बाई म्हणाल्या, "राहू दे." द्राक्षांच्या मधोमध सिमेंटचा तो चौकोन तसाच आहे. कुणी विचारलं तर बाई स्वतःच सगळं सांगतात.

नंतर नवरात्रात त्यांनी अपेक्षाला सोवळ्यात आत बोलावलं. ती आली, पुरणही वाटलं. पण चपला काढल्या नाहीत. लतिकाबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं, आणि पोळी लाटायला घेतली.