बारा फुटी तोंड

भागीबाईच्या उजव्या भुवईवर जुनी खोक होती आणि ती तिला दागिन्यासारखी मिरवायला आवडायची. मोसम नदीच्या काठी, नामपूरच्या खालच्या अंगाला तिचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबाळी झोके खेळून दमल्या की गौराई बोळवायला नदीवर निघायच्या, आणि पलीकडच्या गावच्या बायका पलीकडच्या काठावर पदर खोचून वाटच बघत असायच्या. मग शिव्या सुरू. एकमेकींच्या सात पिढ्यांची मढी निघायची. शिव्या संपल्या की ओच्यातले गोटे. त्यातलाच एक गोटा भागीच्या कपाळात बसला, डोळ्यांत रक्त उतरलं, आणि आईनं जखमेत हळद दाबत एवढंच विचारलं, "कोणाचा गं?"

पलीकडच्या अक्काबाईचा. पुढच्या वर्षी भागीचं लग्न त्याच अक्काबाईच्या भावाशी लागलं. नवरीच्या खोकेवर बोट टेकवून नणंद म्हणाली, "नेम चुकना वं मन्हा. माले तर डोयाच फोडाना व्हता!" आणि दोघी पोट धरून हसल्या.

त्या भांडणाचा कायदा एकच होता. दिवस मावळला की शिवी मावळली. त्यानंतर कोणी मनात ठेवली, तर ती बाई हलकी.

नाशकात, सिडकोत मुलाकडे, योगेशकडे, राहायला आल्यापासून भागीबाईचं तोंड उपाशी होतं. सुनेनं, योगिनीनं, तिला फोनवरचं माइकचं बटण दाबून बोलायला शिकवलं, 'आपली गल्ली' नावाच्या ग्रुपमध्ये घातलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला पुन्हा नदीकाठ मिळाला. तिला सगळ्यावर मत होतं. फोनवरच्या पैशाला हातच लागत नाही म्हणून पोरांना त्याची चाड उरली नाही, असं तिचं म्हणणं. नवरी मांडवात नाचत आली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी वरातीतल्या बाटल्या मोजाव्यात. पुढारी आज कोणत्या पक्षात आहे ते सकाळी दूधवाल्याला विचारून घ्यावं, कारण दूध आणि पुढारी दोन्ही दुपारपर्यंत टिकत नाहीत. गल्ली हसायची, पुढच्या गल्लीला ऐकवायची.

योगेश हसत नसे. पाथर्डी फाट्याच्या रस्त्याला त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि तिथल्या भिंतीवर पाटी होती : 'कृपया राजकीय चर्चा करू नये.'

"आई, आपल्याला काय करायचंय?"

"देवानं तोंड दिलंय ना?"

"खायला दिलंय."

आणि मग धनराजचा वाढदिवस आला. धनराज म्हणजे पुढच्या निवडणुकीला नगरसेवक व्हायला निघालेला माणूस. पोरं त्याला भाऊ म्हणत. गल्लीच्या कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाला त्याचा भलाथोरला फ्लेक्स बांधला गेला. दिवा झाकला गेला. त्या अंधारात शेजारची चिमणाबाई उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन तोंडावर आपटली. भागीबाईनं तिला उचललं तेव्हा चिमणाबाईची हनुवटी फाटून लोंबत होती आणि दोन दात तिच्याच मुठीत होते.

सकाळी भागीबाईनं बटण दाबलं.

"ए धनराज, भागीबाई बोलतेय. देवानं दिलेलं वीतभर तोंड बघवत नव्हतं, ते तू बारा फुटी करून दिव्यापुढं टांगलंस? तुझ्या दातांच्या उजेडात चिमणाबाईनं चालायचं का? तिचे दोन पडले, तुझे मात्र बत्तीसच्या बत्तीस चमकताहेत! अरे मुडद्या, जित्या माणसाचा एवढा फोटो लावलास, आता हारच तेवढा राहिला. सांग, कधी घेऊन येऊ? मत मागायला येतोस तेव्हा उंबऱ्यात लोळतोस. मग आता घे माझं मत. काढ ते थोबाड!"

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत तो उलट काही बोलेल, आपण त्यावर एक ठेवून देऊ, दिवस मावळेल.

पण फोनमध्ये दिवस मावळत नाही. तिचा आवाज कोणीतरी ढोलाच्या ठेक्यावर बसवला. धनराजच्या विरोधकांनी तो चारी दिशांना पाठवला. 'कधी घेऊन येऊ'वर कुठल्याशा वरातीत पोरं नाचली. चिमणाबाईच्या दातांचं कोणी नाव काढलं नाही. हाराचं तेवढं सगळ्यांनी काढलं. आणि वाढदिवसाच्या दिवशी भाऊच्या फोटोला हार घालायची भाषा, म्हणजे भाऊच्या जिवावर उठणं, असं भाऊच्या पोरांनी ठरवलं.

ती गॅरेजात डबा द्यायला गेली होती. चार पोरं आली. पुढे होता राजू, मागच्याच गल्लीतला, योगेशकडे गाडीचं पंक्चर काढायला यायचा तो.

"भाऊंना हार घालणार म्हणे तुम्ही?"

योगेशनं हातातलं काम खाली ठेवलं. "मी काही बोललो नाही, राजू. ही पाटी बघ."

"पाटी तुझी. तोंड कोणाचं? तुझ्याच घरातलं ना?"

दोघांनी योगेशला मागून धरलं. तिसऱ्यानं त्याचा उजवा पंजा गाडीच्या सीटवरून ओढून लोखंडी स्टँडवर दाबला. राजूनं भिंतीवर टांगलेले लोखंडी पाने नीट बघितले आणि त्यातला सगळ्यात जड काढला. भागीबाई मागून त्याच्या शर्टाला झोंबली. "सोड! मी बोललेय, मला मार! माझे हात मोड!"

"आजी, लांब उभ्या राहा. लागेल," राजू म्हणाला, आणि तिला कोपरानं जुन्या टायरांवर ढकलून दिलं.

पाना खाली आला. पहिल्या घावाला योगेश ओरडला. दुसऱ्याला त्याचा आवाज बकरूसारखा बारीक झाला. मग नुसतं लोखंडाचं लोखंडावर ऐकू येत राहिलं, मध्ये काहीतरी ओलं असल्यासारखं. भागीबाई टायरांत रुतून बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. तिच्या तोंडून, ज्या तोंडानं सबंध काठ गाजवला होता, एक शब्द फुटला नाही.

"सांजच्याला कार्यालयात यायचं," राजू पाना पुसून जागेवर लावत म्हणाला. "कॅमेऱ्यासमोर माफी. नाहीतर दुसरा हात आहेच."

दवाखान्यात तीन बोटांत तारा घातल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? योगेश म्हणाला, गाडीवरून पडलो. योगिनी पोलिसांकडे जाऊ म्हणत होती, त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं आईकडे बघितलं.

"झालं मत मांडून?"

भागीबाईनं पदर तोंडात कोंबला. अक्काबाईचा गोटा बरा होता, तिला वाटलं. तो ज्याला मारला त्यालाच लागला होता.

संध्याकाळी ती एकटीच गेली. धनराज उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. "या आजी. तुम्ही मला आईच्या जागी. पोरं जरा तापट आहेत हो, माझं ऐकत नाहीत. हात कसा आहे योगेशचा?"

तिला वाटलं त्या पाण्यात थुंकावं. पण योगेशचा डावा हात डोळ्यांपुढे आला आणि ती पाणी प्याली.

"भाऊ," ती म्हणाली, "आमच्याकडं शिवी दिली की शिवी घ्यायची असते. तू पण दे. माझ्या सगळ्या खानदानाचं मढं काढ. चार लोकांत दे. पण इथंच फिटू दे."

धनराज हसला. "छे, छे. आम्ही संस्कारी माणसं. शिव्या नाही देत आम्ही."

राजूनं फोन धरला. तिनं हात जोडले, सांगितलेली वाक्यं बोलली. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा बोलली. हात छातीशी नको, कपाळाशी जोडा, म्हणून पुन्हा. शेवटच्या वेळी कोणीतरी म्हणालं, "आजी, जरा डोळ्यांत पाणी येऊ द्या ना," आणि बाकीचे फिसफिसले. पाणी आलं नाही. तिनं डोळे चोळून लाल केले. लेकाच्या हातासाठी तिनं त्याहून काहीही केलं असतं, नाचली असती.

घरी येऊन तिनं योगिनीच्या हातात फोन दिला. "ठेव तुझ्याकडं. मला नको."

दोन दिवस शांत गेले. तिसऱ्या सकाळी ती दुधाला निघाली आणि कोपऱ्यावर थबकली. धनराजचा फ्लेक्स गेला होता. त्याच खांबाला, त्याच मापाचा नवा फ्लेक्स होता, आणि त्यावर तिचंच तोंड. कपाळाशी जोडलेले हात, चोळून लाल झालेले डोळे, भुवईवरची खोक तळहाताएवढी. वर लिहिलं होतं : 'चुकीला माफी देणारं मोठं मन – आपले धनूभाऊ.'

आत सगळं जळालं तरी तिनं पाऊल पुढे टाकलं. आपलं तोंड टांगलंय, टांगू दे. पोराचा हात शाबूत आहे. ती घाईनं घरी वळली. योगेशला सांगायचं होतं, आज मागच्या गल्लीनं जा, पुढं खड्डा खणलाय.

योगिनी दारातच उभी होती, रडवेली. "आई, ते पाना घेऊन मागच्या गल्लीनं गेले. ग्रुपवर त्या फ्लेक्सचा फोटो आला. मी अडवलं, पण..."

भागीबाई उंबऱ्यातूनच मागे धावली.

खांबाला शिडी लावलेली होती. शिडीवर राजू. हातात झेंडूचा जाडजूड हार, आणि तो तिच्या फोटोला बांधत होता. खालची पोरं फोन धरून ओरडत होती, "आजी, कधी घेऊन येऊ? घ्या, आणला!"

योगेशनं कोणाला काही विचारलं नाही. त्यानं शिडीला लाथ घातली. राजू हारासकट डांबरावर पालथा पडला, डोकं आपटल्याचा आवाज नारळासारखा झाला. तो हातांवर उठायला लागला, तोच योगेशनं डाव्या हातानं खिशातून पाना काढला.

पहिला घाव पाठीत बसला. दुसरा मानेजवळ. "माझी आई!" योगेश म्हणत होता. "माझी! आई! जिती! आहे!" एकेका शब्दाला एकेक घाव. ज्यानं आयुष्यात कोणाशी आवाज चढवला नव्हता, त्याच्या तोंडाला फेस आला होता, आणि डाव्या हाताचा नेम नसल्यानं पाना कुठेही लागत होता : कानाला, बरगड्यांत, रस्त्याला. राजूच्या कानातून रक्ताची धार डांबरावरून झेंडूत शिरली. त्याच्याबरोबरची पोरं मागे सरली. खिडक्या उघडल्या. जो तो फोन वर धरून उभा. पुढे कोणी आलं नाही.

भागीबाईला राजूची दया आली म्हणून नव्हे. हा मेला तर आपला लेक खुनी ठरला, एवढंच तिला दिसलं. ती योगेशच्या हाताला लटकली, त्यानं झटकली. तेव्हा ती जाऊन राजूच्या अंगावर आडवी पडली. त्याचं डोकं तिनं दोन्ही दंडांखाली घेतलं, कोंबडी पिल्लं घेते तसं.

"आई, बाजूला हो!"

"नाही होणार!"

"हो म्हणतो ना!"

आणि वर गेलेला पाना थांबता थांबला नाही. तो तिच्या खांद्यावर उतरला. आत वाळलेली तुराटी मोडावी तसं काहीतरी मोडलं. तिनं दात आवळले. तिला ओरडायचं नव्हतं. ओरडली असती तर त्याला सबंध जन्म ते ऐकू आलं असतं.

पाना खणकन पडला. योगेश रस्त्यातच गुडघ्यांवर बसला आणि प्लॅस्टरचा हात डोक्याला मारून घ्यायला लागला.

तिच्या खाली राजू हलत नव्हता. तिचा पदर त्याच्या रक्तानं ओला होत होता. तिनं एका हातानं, जो अजून हलत होता त्यानं, त्याच्या गालावर चापट मारली.

"ए राजू. बोल रे."

काही नाही.

"बोल, मुडद्या! काही पण बोल. मला शिवी दे, पण बोल!"

तिनं कान त्याच्या तोंडाला लावला. फोन धरलेले लोक जवळ आले. कोणीतरी म्हणालं, गेला वाटतं. योगेशनं ते ऐकलं आणि त्याच्या तोंडातून गुरासारखा आवाज निघाला.

राजूचा ओठ थरथरला. रक्ताचा बुडबुडा आला, फुटला. मग त्यातून शब्द आले, तुटक, घाणेरडे, आईमाईवरचे, कोणीही आपल्या आजीच्या वयाच्या बाईला देऊ नयेत असे. आणि शेवटी, "थेरडे... ऊठ... जीव चाललाय..."

भागीबाईचं अंग गदगदा हललं. बघणाऱ्यांना वाटलं रडते.

"योगेश," ती ओरडली, आणि नाशकात आल्यापासून ज्या बोलीत ती मोठ्यानं बोलली नव्हती तीच तोंडात आली. "योगेश, जित्ता शे रे हाऊ! माले शिव्या देस!"